वेल्श भाषेतली पदवी आणि पैशाचं गणित

ब्रिटनमधल्या वेल्सबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक 'बघा, एवढीशी भाषा कशी जगवली' या थाटात. 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे निघाले साधारण 5 लाख 38 हजार, म्हणजे 17.8 टक्के. दहा वर्षांपूर्वी 19 टक्के होते. सरकार मात्र 2050 पर्यंत दहा लाखांचं स्वप्न बघतंय. असो. कौतुक बरंच झालंय, मला त्यांच्या विद्यापीठांच्या हिशेबाबद्दल बोलायचंय.

वेल्श माध्यमाच्या शाळा तिकडे चांगल्या रुळल्यात. गाडी अडते ती शाळा संपल्यावर. कायदा, नर्सिंग, भौतिकशास्त्र वेल्शमधून शिकवणार कोण? वेल्श माध्यमाचं स्वतंत्र कॉलेज हवं, ही मागणी जुनी. 2011 मध्ये एक कॉलेज निघालं खरं, 'कोलेग कम्राइग केनेद्लाइथोल' म्हणजे राष्ट्रीय वेल्श कॉलेज, पण त्याला ना कॅम्पस, ना स्वतःची पदवी. मुख्य कार्यालय कार्मार्थेनला. काम काय, तर असलेल्याच विद्यापीठांत वेल्शमधून शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या जागांना पैसे द्यायचे. मुलं शिकतात कार्डिफ, बँगोर, अबरिस्टविथलाच. वर्षाच्या 120 क्रेडिटपैकी किमान 40 वेल्शमधून घेतली तर तीन वर्षांत मिळून 1500 पौंडांची शिष्यवृत्ती.

मला ही कल्पना मनापासून पटते. सगळा पैसा इमारतीत आणि कुलगुरूंच्या दालनात घालण्यापेक्षा शिकवणाऱ्या माणसावर घातला. आपल्याकडे रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं, त्याचा आनंद आहेच. पण पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत अर्थशास्त्र किंवा संगणकशास्त्र मराठीतून शिकवणाऱ्याचा पगार कोण देणार, हे कुणी विचारत नाही.

पण यात एक गोम आहे. हे कॉलेज शेवटी भाडेकरू, घर दुसऱ्याचं. विद्यापीठं चालतात मुख्यतः मुलांच्या फीवर, म्हणजे डोकी मोजून. वेल्श वर्गात सहा मुलं असोत की साठ, प्राध्यापक एक लागतोच. प्रश्नपत्रिका दोन भाषांत काढायची, बाहेरचा परीक्षक वेल्श वाचणारा शोधायचा. इंग्रजी वर्गात बसलेल्या मुलालाही उत्तरं वेल्शमध्ये लिहायचा हक्क आहे; तपासणाऱ्याला वेल्श येत नसेल तर पेपर आधी भाषांतराला जातो. त्या मुलाचा युक्तिवाद धारदार असेल, पण मार्क भाषांतराला मिळणार. या सगळ्याचा खर्च फीमधून निघत नाही, निघणारही नाही.

आणि आता घरमालकाचीच ओढाताण सुरू आहे. जानेवारी 2025 मध्ये कार्डिफ विद्यापीठाने 400 नोकऱ्या कमी करायचा प्रस्ताव आणला. संगीत, आधुनिक भाषा आणि नर्सिंगसुद्धा बंद करायच्या यादीत. पुढच्याच महिन्यात बँगोरने 200 नोकऱ्यांवर गदा आणली. गंमत म्हणजे बँगोरचं हे विद्यापीठ 1884 मध्ये उघडलं, त्यात स्लेटच्या खाणीतल्या मजुरांनी आपल्या मजुरीतून वर्गणी घातली होती. घरी वेल्श बोलणारी ती माणसं, आणि त्यांच्या पैशातून निघालेल्या कॉलेजात शिकवणं इंग्रजीत!

नर्सिंगचं नाव यादीत बघून मी सर्वांत अस्वस्थ झालो. स्मृतिभ्रंश झालेल्या कित्येक म्हाताऱ्यांची मागाहून शिकलेली इंग्रजी आधी जाते, उरते ती लहानपणची वेल्श. 'कुठं दुखतंय आजी?' हे त्यांना वेल्शमधूनच विचारावं लागतं. विरोध झाल्यावर कार्डिफने नर्सिंग ठेवलं, पण मुळात ते यादीत आलंच कसं? कारण यादी करणाऱ्याच्या हिशेबाच्या वहीत भाषेचा रकानाच नसतो.

म्हणून माझं मत सरळ आहे: अशा वर्गांचा पैसा पटसंख्येपासून तोडावा आणि शिकवणाऱ्याच्या जागेला बांधावा. वेल्सकडे त्यासाठी हत्यार आहे. ऑगस्ट 2024 पासून उच्च शिक्षणाचा निधी 'मेडर' ही नवी संस्था वाटते आणि वेल्शमधून शिक्षणाला चालना देणं हे तिचं कायद्याने ठरवलेलं काम आहे. विभाग बंद करण्याआधी त्यातल्या वेल्श अभ्यासक्रमाचं काय, याचं उत्तर विद्यापीठाने लेखी द्यावं आणि ते पटलं नाही तर मेडरने निधी अडवून धरावा. विद्यापीठं कुरकुरतील. कुरकुरू देत.