तळाशी ऊन पोचत नाही, प्राणवायू पोचतो

नमस्कार. खोल समुद्राच्या तळाशी, ऊन पोचत नाही तिथेही जीव राहतात, असं मी लिहिलं होतं; त्यावर मडगावहून तुम्ही चांगलंच खरमरीत लिहिलंत. सूर्याशिवाय जीवसृष्टी अशक्य असताना मी चमत्कार खपवतोय, ज्या दाबाखाली पाणबुडी चिरडते तिथे मऊ किडा टिकेलच कसा, आणि गोव्याला याचं काय, असे तुमचे आक्षेप.

चमत्काराचं आधी. 1977 साली गालापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर 'अल्विन' पाणबुडीतल्या लोकांना गरम पाण्याचे झरे सापडले. तिथल्या नळीकिड्यांना तोंड नाही, आतडं नाही. अंगात जिवाणूंची वसाहत. लालभडक तुऱ्याने किडा हायड्रोजन सल्फाइड ओढून त्यांना पुरवतो, ते त्याला अन्न करून देतात. हे अन्न उन्हाचं नव्हे, हे पक्कं. पण सल्फाइडमधून ऊर्जा काढायला लागणारा प्राणवायू वर उन्हात वाढणाऱ्या वनस्पतींचाच. तेव्हा 'सूर्याशी काडीचा संबंध नाही' असं कोणी म्हणालं, तर तुमच्या बाजूने मीही भांडेन. खोल समुद्रातले बहुतेक जीव तर झऱ्यांपाशी नसतातच. वरून झिरपत येणाऱ्या मेल्या जिवांवर आणि विष्ठेवर त्यांचं भागतं.

दाबाचं मात्र पटलं नाही. पाणबुडी चिरडते ती आतल्या हवेमुळे. किड्याच्या अंगात पाणीच, बाहेर जेवढा दाब तेवढाच आत. खरी पंचाईत प्रथिनांची होते, दाबाने त्यांची घडी बिघडते. ती सावरायला मासे टीएमएओ नावाचं रसायन अंगात साठवतात. जेवढे खोल, तेवढं जास्त. बांगडा शिळा झाल्यावर जो वास सुटतो ना, तो जिवाणूंनी याच रसायनाची मोडतोड केल्यामुळे. मोरी माशात, म्हणजे शार्कमध्ये, तर ते भरपूर. पण साठवत साठवत शेवटी माशाच्या अंगातलं पाणी समुद्रापेक्षा दाट होतं आणि बाहेरचं पाणी आत शिरू लागतं. साधारण 8200 मीटरच्या आसपास माशांची हद्द संपते, असा शास्त्रज्ञांचा हिशेब होता. 2022 साली जपानजवळ 8336 मीटरवर स्नेलफिश जातीचा एक मासा कॅमेऱ्यात आला, म्हणजे हिशेब फारसा चुकला नाही.

राहिला गोवा. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. हिंदी महासागरातल्या अशाच झऱ्यांवर एक गोगलगाय राहते, तिच्या पायावर लोहसल्फाइडचे खवले असतात. 2019 साली ती धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत गेली, कारण समुद्रतळावर होऊ घातलेलं खाणकाम. आणि खाणीशी आपला काय संबंध, हे तुम्ही तरी विचारू नका!