जंगलात नखं कोण कापतं?

हे वाक्य मला मंगळवारी रात्री भांडी घासताना सुचलं. सुचायला हवं होतं शनिवारी सकाळी, जनावरांच्या दवाखान्यात, अकरा माणसांसमोर. आता त्याचं काय लोणचं घालू?

ठमीला, म्हणजे माझ्या मांजरीला, लस द्यायची होती. तिला पिंजऱ्यात कसं कोंबलं ते लिहीत नाही, माझ्या डाव्या हातावर सविस्तर लिहिलेलं आहे. दवाखान्यात गेल्या गेल्या कंपाउंडरने कार्ड मागितलं, उघडलं, आणि निकाल वाचावा तसा वाचला, "बूस्टर चौदा महिन्यांपूर्वी ड्यू होता मॅडम!" मी पुटपुटले की अहो ती घरातच असते, कुठे जात नाही. तर म्हणे, "ती नाही जात, तुम्ही जाता ना? व्हायरस चपलेला चिकटून येतो." झालं, सगळा हॉल माझ्या चपला बघायला लागला. त्यात एक चप्पल खिळा मारलेली.

शेजारच्या खुर्चीत एक काका. पायाशी हा एवढा जर्मन शेफर्ड, नाव विक्रम. काका विक्रमशी अहो-जाहो करत होते. "बसा विक्रम. घाबरू नका. पाणी घेणार का थोडं?" आणि तेच तोंड माझ्याकडे वळलं की, "काय गं, कशाला टोचत बसतेस त्या मुक्या जीवाला?" म्हणजे मान द्यायच्या यादीत कुत्रा वर आणि मी खाली. ठीक आहे, कुत्रा तसा होताही माझ्यापेक्षा शांत.

"काका, लस आहे. द्यावी लागते."

"कोण म्हणतं? जंगलात वाघ-सिंहांना कोण देतं लस? आँ? आमच्या लहानपणी हे पार्व्हो-बिर्व्हो काही नव्हतं."

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर या दुसऱ्या वाक्याचा, कारण ते खरं आहे! पार्व्हो हा कुत्र्यांचा जीवघेणा जुलाबांचा आजार जगात दिसायलाच लागला १९७८ च्या सुमाराला, आणि दोनेक वर्षांत पृथ्वीभर पसरला. काकांचं लहानपण त्याच्या बरंच आधीचं. चुकीचं बोलणारा माणूस मधेच एखादं बरोबर बोलला की वाद घालणाऱ्याचे हाल होतात. सिंहांचं म्हणाल तर १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या रोगाने हजारेक सिंह मेले, जवळजवळ एक तृतीयांश, आणि मग आजूबाजूच्या गावांतल्या कुत्र्यांना लसी टोचायची मोहीम काढावी लागली. हे मला माहीत होतं हो! पण चौदा महिने लेट असलेल्या बाईने कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि ठमी पिंजऱ्यातून असा काही सूर लावून होती की सेरेंगेटी हा शब्द निम्म्यातच गेला असता.

काकांना मी पुरले नाही. समोर एक मुलगी बसली होती, कॉलेजातली असेल, ओढणीत गुंडाळलेलं पिल्लू मांडीवर, त्याचं फक्त नाक बाहेर. "कितवा डोस?" "तिसरा." "तिसरा! अगं एकदा दिली की दिली. हे आपले पुन्हा पुन्हा बोलावतात, धंदा आहे हा." मुलीचा चेहरा पडला. खरं कारण एवढंच आहे की पिल्लाला आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीलाच आडवी येते, आणि ती नक्की कधी ओसरते ते पिल्लू बघून सांगता येत नाही, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, पार सोळा आठवडे होईपर्यंत डोस द्यायचे. दोन वाक्यांचं काम. मी तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच, "ठमी! आत या."

आत काय, वजन (पाच किलो दोनशे, डॉक्टर माझ्याकडे बघत "हं" म्हणाले), मग थर्मामीटर, जिथे घालतात तिथे. टॉवेलात धरलेल्या ठमीने त्याचा सूड माझ्या उजव्या हातावर घेतला. लस टोचली तेव्हा मात्र हूं की चूं नाही. "तिची झाली, आता तुमचं धनुर्वाताचं बघा," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आले तर मुलगी नाही. खुर्ची रिकामी. फोन आला असेल, कॉलेज असेल, मी स्वतःला दहा कारणं दिली, पण तिचा नंबर माझ्यानंतरचाच होता. पार्व्होचा व्हायरस मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो, पिल्लू एकदा रक्ताचे जुलाब करायला लागलं की दोन-तीन दिवसांत खेळ संपू शकतो. हसू येत नाही मला इथे, सॉरी.

तेवढ्यात कंपाउंडरने हाक मारली, "विक्रम! नखं कापायची ना?"

"हो हो," काका उठले, "चला विक्रम. फार वाढलीत हो, रात्रभर फरशीवर टकटक, हिला झोप नाही."

आणि मी काय म्हटलं असेल? "या काका." हे म्हटलं.

ठमी अजून पलंगाखाली आहे. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. कार्डावर तारीख आहे, फोनमध्ये गजर लावलाय, दोन लावलेत. वाक्य पाठ आहे. विक्रमची नखं तोवर पुरेशी वाढतील का, एवढाच प्रश्न आहे.