पडदा नव्हे, बाहेरची सावली
तुमच्या लेखात ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या ‘कासा दे विद्रो’चा, म्हणजे ‘काचेच्या घरा’चा (वास्तुरचनाकार लिना बो बार्दी, १९५१) दाखला देऊन कोकणात तसंच घर सुचवलंय. पण ते शहर साधारण ७६० मीटर उंचीवर, म्हणून कोकणापेक्षा थंड आहे, आणि त्या घराचाही पुढचा भागच काचेचा, मागच्या खोल्या पक्क्या भिंतींच्या! साधी ६ मिमी काच उन्हाची जवळपास ८० टक्के उष्णता आत घेते. आतल्या पडद्याने फारसं भागत नाही, कारण तोच तापून खोली तापवतो. दक्षिणेला खोल छज्जा चालतो. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, तिथे बाहेरून उभ्या झडपाच हव्यात. सरकत्या काचेच्या खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं मात्र पावसाआधी तारेने मोकळी कराच. ती तुंबली की झडीचं पाणी थेट फरशीवर येतं.