सरळमार्गी क्रियापदांची धास्ती

‘गो, वेंट, गॉन’ ही त्रिपदी मी शाळेत इतकी घोकली होती की झोपेतून उठवून विचारले असते तरी ती तोंडातून घरंगळत बाहेर आली असती. इंग्रजीतली वाकडी क्रियापदे अशी पाठांतराने काबूत येतात, कारण त्यांचा वाकडेपणा उघड असतो आणि आपण सावध असतो. मला खरी धास्ती वाटते ती सरळमार्गी, म्हणजे व्याकरणाच्या भाषेत नियमित, क्रियापदांची. शेवटी ईडी लागली की कोणाचाही भूतकाळ बाहेर येतो, एवढ्या एका भरवशावर मी इतकी वर्षे काढली आणि वयाच्या 47व्या वर्षी इंग्रजी संभाषणाच्या वर्गात नाव घातले.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी एक कोरा तक्ता हातात ठेवला. उभ्या बाजूला 12 काळ, आडव्या बाजूला होकारार्थी, नकारार्थी आणि प्रश्नार्थी असे 3 रकाने, म्हणजे एकूण 36 घरे, आणि तळाशी आज्ञार्थ, संकेतार्थ वगैरे मंडळींसाठी थोडी मोकळी जागा. मी ‘वॉक’ निवडले, कारण त्याची स्वतःची रूपे मोजून चारच आहेत: वॉक, वॉक्स, वॉकिंग आणि वॉक्ड. चालतो, चालते, चालतात, चालला, चालली, चालेन, चालशील, चालावे असा गोतावळा सांभाळत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला चार रूपांचे काय भय?

पहिल्याच ओळीत ‘एस’ने वाट अडवली. हे अक्षर नामाला लागले की अनेकवचन होते आणि क्रियापदाला लागले की एकवचन. ‘बॉइज’ पुष्कळ असतात, पण ‘वॉक्स’ हे एकट्याचेच काम. कर्ता आणि क्रियापद या दोन भावांत मिळून एकच छत्री आहे आणि एक ती घेऊन गेला की दुसऱ्याने भिजायचे, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती जेमतेम पटते आहे, तोच प्रश्नार्थी रकान्यात ‘डझ’ नावाचा तिसरा भाऊ उपटला आणि छत्री घेऊन चालता झाला: ‘डझ ही वॉक?’ या धक्क्यातून न सावरता भूतकाळाच्या घरात मी ‘डिड ही वॉक्ड?’ असे लिहून मोकळा झालो.

“काका,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “डिडने भूतकाळ आधीच घेतलाय. वॉकला परत कशाला वाढताय?”

बाराव्या ओळीपर्यंत पोहोचलो तेव्हा लक्षात आले की ‘वॉक’ जागचे फारसे हलतच नाही, सगळी धावपळ सहायक क्रियापदांची चालू असते. ‘आय विल हॅव बीन वॉकिंग’ या वाक्यात विल, हॅव आणि बीन असे तिघे पुढे वाजतगाजत जातात आणि ज्याच्यासाठी हा थाट, ते चालणे वरातीमागून घोडे यावे तसे शेवटी येते. त्यातही काही व्याकरणकारांच्या मते इंग्रजीला भविष्यकाळाचे वेगळे रूप नसल्यामुळे तो खरा काळच नव्हे. म्हणजे जी गोष्ट मुळात नाही, तिची 12 घरे मी एका बैठकीत भरली होती.

लिहिण्यापेक्षा वाचणे अवघड निघाले. ‘वॉक्ड’च्या शेवटी लिहायचा ड, पण म्हणायचा ट, ‘कॉल्ड’मध्ये तोच ड राहतो आणि ‘वॉन्टेड’मध्ये त्याला स्वर मिळून तो सुटा ऐकू येतो. क हा अघोष, म्हणजे घशात कंप न होता निघणारा, असल्यामुळे शेजारचा ड देखील अघोष होतो, हे कारण संधी शिकलेल्या माणसाला लगेच पटते, पण पटल्याने जीभ वळत नाही. ‘आस्क्ड’ म्हणताना स, क आणि ट हे तिघे दातांच्या फटीत एकमेकांना कोपरे मारत उभे राहिले आणि माझ्या तोंडून सवयीप्रमाणे ‘आस्केड’ निघून गेले. वर्ग हसला. पुढे समजले की काही शतकांपूर्वी इंग्रज माणसेही हा ईडी सुटाच उच्चारत असत. तेव्हा माझा उच्चार चुकलेला नव्हता, त्याला फक्त उशीर झाला होता.

‘स्टॉप’चा पी दुप्पट का होतो आणि ‘व्हिजिट’चा टी एकटाच का राहतो, या वादात मी पडलो नाही. आज्ञार्थाने तर नुसत्या ‘वॉक!’वर सुटका केली. पण त्याखालच्या ओळीत, डॉक्टरांनी त्याला चालायला सुचवले या अर्थाने, ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही वॉक’ असे लिहायचे होते, आणि ज्या एसने माझी अर्धी रात्र खाल्ली तो तिथे लावायचाच नव्हता! पुढे ‘इट्स टाइम यू वॉक्ड’ आले, ज्यात रूप भूतकाळाचे आणि चालायचे मात्र आत्ता. यावर मी संतापून बोलणार होतो, तेवढ्यात घरून फोन आला आणि खुर्चीवरून न उठताच मी म्हणालो, “आलो, आलो!” मग गप्प बसलो.

तक्ता पूर्ण झाला तेव्हा मॅडम प्रसन्न दिसल्या. “आता पुढच्या वेळी ‘हँग’ करून आणा,” त्या म्हणाल्या, “दोन्ही अर्थांनी.” कपडे वाळत टांगले तर भूतकाळी ‘हंग’, ते अनियमित, पण माणसाला फासावर चढवले तर ‘हँग्ड’, आणि ते अगदी नियमाला धरून. 36 घरांचा नवा कागद समोर घेऊन मी बसलो आहे. पहिल्या घरात कर्ता म्हणून ‘आय’ लिहावे की नाही, याचा विचार अजून चालू आहे.