‘सर्वांत जड गोळी घ्या आणि निवांत व्हा’ : एका फॉरवर्डचा प्रतिवाद

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तीन जणांनी मला तोच मेसेज पाठवला. एक इथलाच, ओहायोतला, दुसरा टेक्सासचा, तिसरा माझा सांगलीचा मामेभाऊ. त्याने आयुष्यात छर्ऱ्याच्या बंदुकीपलीकडे काही हातात धरलेलं नाही, पण ‘दादा, हे खरं आहे का?’ असं विचारायला त्याला कुठला विषय वर्ज्य नसतो. मेसेजचा मथितार्थ असा:

‘लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी काडतुसं स्वतः भरताय? गोळी निवडताना डोकं लावू नका. आपल्या कॅलिबरमधली सर्वांत जड गोळी घ्या, कारण जड गोळीचा बीसी सर्वांत जास्त. पेटीवरचा बीसी ॲपमध्ये टाका. जड गोळीला जलद ट्विस्ट लागतो, एवढं लक्षात ठेवा. 100 यार्डांवर तीन गोळ्या एका भोकात गेल्या की हजार यार्ड तुमचेच.’

मोजकी वाक्यं आणि जवळपास प्रत्येकात थोडं थोडं खरं. म्हणूनच खोडायला वेळ लागतो.

आधी दोन खुलासे. इथे ‘गोळी’ म्हणजे नळीतून बाहेर पडणारा तुकडा, अख्खं काडतूस नव्हे. आणि भारतात वाचणाऱ्यांसाठी: परवान्याशिवाय घरी काडतूस तयार करणं हा शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे गुन्हा आहे. मी लिहितोय ते अमेरिकेतल्या रेंजवरच्या अनुभवावरून, जिथे हा सर्रास चालणारा छंद आहे. बीसी म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशंट. हसून घ्या एकदाचं, पुढे हा शब्द बऱ्याचदा येणार आहे.

‘जड गोळीचा बीसी सर्वांत जास्त.’

बीसी म्हणजे हवा कापत जाताना वेग टिकवून धरायची गोळीची ताकद. ती दोन गोष्टींवर ठरते: व्यासाच्या मानाने वजन किती आणि आकार किती निमुळता. मेसेजवाल्याने पहिली गोष्ट घेतली आणि दुसरी सोडली. उदाहरण .308 मधलंच घेऊ (कॅलिबर म्हणजे गोळीचा व्यास, इथे इंचांत; ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं माप). सिएरा कंपनीची 168 ग्रेनची मॅचकिंग ही जुनी, नावाजलेली गोळी, आणि बर्जर कंपनीची 155.5 ग्रेनची फुलबोअर तिच्याहून साडेबारा ग्रेनने हलकी. तरी जी7 मापाने (बीसी मोजायच्या दोन पद्धतींपैकी एक, खुलासा पुढे येतो) 155.5 चा बीसी 0.237 च्या आसपास आणि 168 चा 0.22 च्या आसपास. हलकी गोळी जास्त बीसीची, वर त्याच काडतुसातून ती जास्त वेगाने सुटते.

168 ची गोष्ट जरा सांगण्यासारखी आहे. ती मुळात 300 मीटरच्या सामन्यांसाठी केलेली गोळी. तिथे ती अप्रतिम चालते. पण तिच्या मागच्या निमुळत्या भागाचा उतार 13 अंशांचा, म्हणजे बराच तीव्र. हजार यार्डांच्या जवळ येता येता तिचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरतो आणि तिथे ती डुलायला लागते, भोवरा शेवटी डुलतो तशी. 175 ग्रेनच्या मॅचकिंगचा उतार 9 अंशांचा आहे आणि ती हा टप्पा बरीच शांतपणे ओलांडते. अमेरिकी सैन्याच्या एम118 एलआर काडतुसात 175 आहे ती उगाच नाही. आता कोणी म्हणेल, बघा, जड गोळी जिंकली! जिंकली ती मागच्या उताराने. सात ग्रेनचा फरक म्हणजे अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही.

आणि पाल्मा? 1876 साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवर सुरू झालेली ही स्पर्धा आज 800, 900 आणि 1000 यार्डांवर खेळतात, आणि गोळी 156 ग्रेनपेक्षा हलकी असावी असा नियमच आहे. ‘सर्वांत जड घ्या’ हा सल्ला तिथे पहिल्याच दिवशी बाद.

‘पेटीवरचा बीसी ॲपमध्ये टाका.’

पेटीवर बहुतेक वेळा ठळक अक्षरात जी1 चा आकडा असतो. जी1 हा एकोणिसाव्या शतकातल्या सपाट बुडाच्या, बोथट गोळीचा नमुना. आजची लांब, मागे निमुळती गोळी तिच्यासारखी वागत नाही, त्यामुळे वेग उतरला की जी1 चा आकडाही उतरतो. सिएरा हे प्रामाणिकपणे छापते. त्याच 168 साठी चार आकडे आहेत: 2600 फूट प्रतिसेकंदाच्या वर 0.462, मग 0.447, मग 0.424, आणि 1600 च्या खाली 0.405. मेसेजवाला यातला कुठला टाकायला सांगतोय? अर्थातच पहिला, कारण तो सर्वांत मोठा. त्या आकड्यावर ॲपने दिलेले क्लिक दुर्बिणीवर फिरवून हजार यार्डांवर नेम धरला तर गोळी खाली लागते आणि माणूस दुर्बिणीला दोष देतो. जी7 चा नमुना आजच्या गोळ्यांच्या आकाराच्या जवळचा आहे. तो आकडा मिळत असेल तर तोच वापरावा.

शिवाय बीसी मोजला कुठे, यालाही अर्थ आहे. प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्यांचं उदाहरण घ्या. हॉर्नडी या कंपनीने डॉप्लर रडार लावून गोळ्यांचा पूर्ण प्रवास तपासला तेव्हा जुन्या प्रकारची टोकं हवेच्या तापाने विरूप होतात आणि बीसी वाटेतच घसरतो, असं दिसलं. 2015 च्या सुमारास त्यांनी जास्त उष्णता सोसणारं टोक आणलं. थोड्या अंतरावर मोजलेला बीसी लांबवर टिकेलच असं नाही.

‘जड गोळीला जलद ट्विस्ट लागतो.’

या वाक्याने माझे पैसे बुडवले आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

ट्विस्ट म्हणजे नळीतले पीळदार चरे किती इंचांत एक फेरा पूर्ण करतात ते माप. 1:12 म्हणजे बारा इंचांत एक फेरा. गोळी स्थिर राहायला किती फिरकी लागेल हे मुख्यतः तिच्या लांबीवर ठरतं. ग्रीनहिलने 1879 मध्ये दिलेलं जुनं सूत्रही लांबीवरच उभं आहे, आणि आज वापरतात त्या मिलरच्या सूत्रात वजन असलं तरी लांबीचा जोर त्याहून कितीतरी मोठा. शिसं भरलेली गोळी आणि तेवढ्याच वजनाची नुसत्या तांब्याची गोळी शेजारी ठेवून बघा. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तांब्याची गोळी लांब भरते. वजन सारखं असूनही तिला जास्त फिरकी लागते.

माझी पहिली .308 जुनी, कोणाची तरी वापरलेली, नळी 1:12. मी ऐकीव ज्ञानावर 215 ग्रेनच्या शंभर गोळ्या आणल्या. या गोळीची लांबी साधारण 1.6 इंच. मिलरच्या सूत्रात ती 1:12 मध्ये घातली तर स्थिरतेचा आकडा 1 च्या आसपास येतो. 1 च्या खाली गोळी लोळते, आणि निश्चिंत राहायचं तर 1.5 हवा असं बर्जर सांगते. पण सूत्र मांडायच्या आधी मी ट्रिगर ओढला होता. शंभर यार्डांवरच्या कागदावर गोल भोकं पडलीच नाहीत. आडव्या, लांबट फाटी पडल्या. शेजारच्या टेबलावरचे आजोबा दुर्बिणीतून बघून एवढंच म्हणाले, ‘कडेने चाललीय ती, बाळा.’ अकरा गोळ्यांनंतर मी सामान आवरलं. त्याच नळीतून 168 आणि 175 मात्र सरळ जातात.

मेसेजमध्ये जे लिहिलंच नाही

गोळी किती लांब, यावर ती मॅगझिनमध्ये मावते का हेही ठरतं. एआर-15 या रायफलच्या मॅगझिनसाठी .223 काडतुसाची लांबी 2.26 इंचांच्या आत हवी. 77 ग्रेनची मॅचकिंग त्यात बसते. 80 ग्रेनची बसवायला गेलात तर ती दारूच्या जागेत इतकी आत ढकलावी लागते की कोणी तसं करत नाही; काडतूस लांबच ठेवून एकेक हाताने चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) घालतात. इथल्या हायपॉवर सामन्यांत म्हणूनच एकच नेमबाज एकाच दिवशी 200 आणि 300 यार्डांच्या रॅपिड फायरला मॅगझिनमधून 77 वापरतो आणि 600 यार्डांच्या सावकाश फेरीला 80 एकेक करून. त्याला ‘सर्वांत जड घ्या’ म्हणून सांगा, रॅपिडच्या फेरीत त्याचे गुण कुठे जातील बघा.

मग नाकाचा आकार. बीसीच्या शर्यतीतल्या गोळ्यांचं नाक बहुधा लांब आणि तीक्ष्ण असतं. ती नळीतल्या चऱ्यांपासून किती अंतरावर बसवली आहे, याबद्दल अशा गोळ्या फार चोखंदळ असतात. नळी झिजत गेली की ते अंतर वाढतं आणि कालपर्यंत गुणी वाटणारी गोळी पसरायला लागते. जुन्या गोलसर नाकाच्या गोळ्या त्यामानाने सोशिक. दोन्ही आकारांचा मेळ घातलेल्या हायब्रिड गोळ्या आल्या त्या याच डोकेदुखीवर उपाय म्हणून.

आता मूळ प्रश्न: जास्त बीसीने नक्की किती फायदा होतो? वाऱ्याने गोळी किती सरकते हे उड्डाणाच्या एकूण वेळेवर ठरत नाही. हवा नसती तर जेवढा वेळ लागला असता त्याहून किती जास्त लागला, त्यावर ठरतं. 2750 फूट वेगाने सुटलेली 6.5 मिमीची 140 ग्रेनची चांगली गोळी घ्या. हजार यार्ड म्हणजे 3000 फूट. निर्वातात 1.09 सेकंद लागले असते, प्रत्यक्षात साधारण दीड लागतात. फरक 0.4 सेकंद. ताशी 10 मैलांचा आडवा वारा म्हणजे सेकंदाला 14.7 फूट. गुणाकार केला की जवळपास 70 इंच.

समजा तुम्ही 5 टक्के जास्त बीसीची गोळी आणली आणि वेग तोच राहिला (जड गोळीचा तो राहत नाही, पण सोडून देऊ). 70 चे 66 झाले. पण वारा काही दरवेळी 10 मैलांनी चुकत नाही. कसलेला नेमबाज मैलभर चुकतो. तेव्हा चूक 7 इंचांऐवजी 6.6 इंच. मिळकत 0.4 इंच. आता उलट बाजू बघा. हीच गोळी तुमच्या नळीला मानवली नाही आणि गट (म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा) अर्ध्या मिनिटाचा होता तो पाऊण मिनिटाचा झाला (मिनिट इथे कोनाचं, अंशाचा साठावा भाग), तर हजार यार्डांवर तो अडीच इंचांहून जास्त फुगतो. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या सामन्यांतल्या हजार यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ 10 इंचांचं आणि आतलं एक्स 5 इंचांचं असतं. कोहळा देऊन आवळा घेतल्यासारखा हा सौदा.

हे सांगितल्यावर दुसरी बाजूही मान्य करायला हवी. एफ-क्लासच्याच एफ-टीआर गटात .308 घेऊन उतरणारे बरेच जण खरोखरच 200 ग्रेन आणि त्यापुढच्या गोळ्या वापरतात, आणि जिंकतात. बर्जरच्या एका गोळीचं नावच 200.20एक्स आहे: वजन 200 ग्रेन, आणि वीस गोळ्यांत दोनशे गुण, वीसही एक्समध्ये, हे तिथलं स्वप्न. पण त्यांच्याकडे 30 इंचांची, 1:10 किंवा त्याहून जलद पिळाची नळी असते, त्याच गोळीच्या मापाने कापलेलं चेंबर असतं आणि बायपॉड (पुढचा दोन पायांचा टेकू) व दुर्बीण धरून सव्वाआठ किलोपर्यंतची रायफल असते. एवढ्या वजनालाही जड गोळीचा धक्का बायपॉडवर उड्या मारायला लावतो आणि तो सांभाळणं ही त्यांची वेगळी साधना. त्यांनी आधी गोळी ठरवली आणि रायफल तिच्याभोवती बांधली. तुमच्या-माझ्याकडे रायफल आधीच आहे.

‘तीन गोळ्या एका भोकात.’

इथे निव्वळ गणित आहे. गोळ्या सारख्याच नियमाने विखुरत असतील तर तीन गोळ्यांच्या गटाची सरासरी रुंदी विखुरण्याच्या मापाच्या 2.41 पट येते, दहा गोळ्यांच्या गटाची 3.81 पट. रायफल तीच, गोळी तीच, तरी गट दीडपटीहून मोठा. शिवाय तीन गोळ्यांचे गट आपसांतच इतके हेलकावे खातात की पाच गट मारून त्यातल्या सर्वांत लहान गटाचा फोटो टाकला की कुठलीही गोळी विकता येते. दोन गोळ्यांची तुलना करायची तर प्रत्येकीच्या निदान वीस मारा, आणि त्याही एका बैठकीत नकोत. त्यातही 100 यार्डांवर बीसीतला कमी-जास्तपणा दिसतच नाही. तो 600 च्या पुढे दिसतो, गोळ्या वर-खाली पसरतात तेव्हा. आणि हो, गोळी बदलली की दारूचं मापही मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून पुन्हा. ‘वजन जवळपास तेच आहे’ हा तर्क दाबाला समजत नाही.

मामेभावाने पुढे विचारलं होतं, ‘मग आपल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कुठली जड गोळी वापरली?’ 2024 चं ते कांस्य 50 मीटर थ्री पोझिशन्समधलं, .22 रिमफायरचं. तिथे घरी कोणी काडतूस भरत नाही, आणि गोळ्या जवळपास सगळ्यांच्याच 40 ग्रेनच्या. त्या खेळात निवडतात तो लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेत तयार झालेली काडतुसं. रायफल घट्ट बांधून एकाच कंपनीचे, एकाच नावाचे वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि जो त्या नळीला मानवतो तो खोक्यांनी घेतात. वजन सारखं, बीसी सारखा, तरी निवड होते ती नळीला विचारून.

त्याला एवढं सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं: ‘म्हणजे मेसेज खोटा ना?’ मी अंगठा दाखवून विषय मिटवला.

215 ग्रेनच्या उरलेल्या 89 गोळ्या अजून माझ्या फडताळात आहेत. ओहायोत कोणाकडे 1:10 ची नळी असेल तर येऊन घेऊन जा, चहा पाजीन.