‘उगाच घाबरवता’ म्हणणाऱ्या निपाणीच्या काकांना

काका, नमस्कार. दवाखान्यात दाखल मुलांच्या शिरांत होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही लिहिलंय, “लहान मुलांच्या रक्तात कसल्या गुठळ्या? तो म्हाताऱ्यांचा आजार. आमच्या नातवाला अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी चालवलं, पोर कळवळत होतं. आणि एवढा धोका असेल तर सगळ्यांनाच रक्त पातळ करायचं इंजेक्शन का देत नाहीत?”

आधी माझी चूक. ‘दाखल झालेल्या प्रत्येक मुलाने याची धास्ती घ्यावी’ हे वाक्य मी त्या लेखात लिहायला नको होतं. आज काढलं. तापासाठी दोन दिवस सलाईन लावलेलं, खाटेवर उड्या मारणारं पोर यात येत नाही.

पण हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार नव्हे. अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांत २००१ साली दर १०,००० दाखल मुलांमागे ३४ जणांना गुठळी झाल्याची नोंद आहे, २००७ साली ५८. मुलांमध्ये याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मानेत किंवा जांघेत मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाईन, म्हणजे औषधं-सलाईन देण्याची नळी. तान्ह्या बाळाची शीर केवढीशी! त्यात नळी बसली की रक्ताची वाट अडते, शिरेची आतली बाजू घासली जाते.

बेळगावात मुलांच्या वॉर्डात नर्स होते तेव्हाची गोष्ट. खानापूरकडचा सहा वर्षांचा मुलगा, उजव्या जांघेत लाईन. पाय सुजला तर आजीला वाटलं सलाईनचं पाणी उतरलंय. तिने मायेने चादर ओढून घेतली. संध्याकाळी मी टेप लावली, तर उजवी मांडी डावीपेक्षा तीन सेंटीमीटर जाड. डॉपलरमध्ये (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) गुठळी निघाली. आणि औषधं तोंडाने सुरू होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे लाईनची गरज उरली नव्हती! लाईन कुणी काढली नव्हती. मीही विचारलं नव्हतं. ते अजून टोचतं, म्हणून तर लिहिते.

इंजेक्शनचं म्हणाल, तर त्याने रक्तस्राव होऊ शकतो. ताजी जखम, डोक्याला मार, प्लेटलेट कमी, अशा मुलात तोच जास्त घातक. म्हणून सरसकट देत नाहीत. मोठं ऑपरेशन होऊन पडून असलेला, वयात आलेला मुलगा, कॅन्सर, किंवा मूत्रपिंडाच्या आजाराने लघवीतून प्रथिनं जाणारा नेफ्रॉटिकचा पेशंट (त्याच्या लघवीतून गुठळी रोखणारं प्रथिनही जातं), अशांचा डॉक्टर एकेक करून विचार करतात.

तुमच्या नातवाला चालवलं ते बरंच केलं. पोटरीचे स्नायू हलले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. मात्र पोर कळवळत होतं, ही तुमची तक्रार मला पटते. आधी दुखण्याचं औषध द्यायचं, ते लागू पडलं की मग उठवायचं. तसं मागायला लाजू नका.

आणि कुणाच्या मुलाला लाईन असेल तर रोज सकाळी राऊंडला विचारा, “ही आजही लागते का?” डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर “ई लाईन इन्नू बेका?” एवढं पुरे.

नातू घरी आलाय ना? एकच पाय सुजला, दुखला, रंग बदलला तर त्याच दिवशी दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर रात्र असली तरी थांबू नका.