'जॉब कापा, मग बोला' : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, लेसर वेल्डिंगच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की सेन्सर-कॅमेरे ही पाहुण्यांना दाखवायची वस्तू, वेल्ड कसं झालं ते जॉब, म्हणजे वेल्ड केलेला तुकडा, कापल्यावरच कळतं, आणि नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत २२ वर्षं तुम्ही तेच करताय. शिवाय, फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सेन्सर) वेल्डची खोली मोजतो हे माझं वाक्य साफ चुकीचं आहे, असंही म्हणालात.

वाक्याचं आधी सांगतो. चूक माझीच. फोटोडायोड फक्त प्रकाश मोजतो: वाफेच्या झोताचा उजेड, वितळलेल्या धातूतून येणारं इन्फ्रारेड आणि जॉबवरून परत फिरणारा लेसर. खोली त्याला दिसत नाही. लेसरने धातूची वाफ होऊन जे बारीक भोक पडतं, त्या कीहोलच्या तळापर्यंत मोजायला ओसीटी (प्रकाशकिरणाने अंतर मोजायचं तंत्र) लागतं. त्यात मोजणीचा वेगळा किरण लेसरसोबत आत सोडतात. लेखात आज दुरुस्ती केली आहे.

पण 'पाहुण्यांना दाखवायची वस्तू' हे मला पटत नाही. नाशिकच्याच अंबडला मी ज्या शॉपमध्ये होतो, तिथे शिफ्टच्या सुरुवातीला एक जॉब कापायचो. पॉलिश करायचा, वेल्ड उठून दिसावं म्हणून नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड) लावायचं, पेनिट्रेशन, म्हणजे वेल्ड किती खोल शिरलं ते, बघायचं. एकदा सकाळचा तुकडा छान आला. दुपारी स्क्रीनवरची इन्फ्रारेड सिग्नलची रेघ हळूहळू खाली यायला लागली. वरून वेल्ड चकचकीत, बीड (वेल्डची पट्टी) जवळपास तेवढीच रुंद. ऑपरेटर म्हणाला, "सर, सेन्सरच गंडलाय." जॉब कापला, तर खालच्या पत्र्यात वेल्ड जेमतेम शिरलेलं. लेसर हेडची संरक्षक काच काढून उजेडात तिरपी धरली. मधोमध स्पॅटरचा (उडालेल्या वितळल्या धातूचा) काळा ठिपका, मोहरीहून बारीक. सकाळचा पास झालेला तुकडा तेव्हाही टेबलावरच होता.

यातही तुमचं म्हणणं आहेच. सेन्सर त्याच काचेतून बघतो. काच डागाळली की जॉबवर पोहोचणारा लेसर कमी होतो आणि परत येणारा उजेडही. रेघ कशामुळे उतरली ते रेघ सांगत नाही, त्यासाठी कापावंच लागलं. पण कधी कापायचं, ते तिनेच सांगितलं. नाहीतर पुढचा जॉब कापेपर्यंतचा सगळा माल तसाच गेला असता.

खोट्या अलार्मचा वैताग मीही काढलाय. आमचा पत्रा झिंक कोटेड. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, पोलाद वितळायला साधारण १५०० लागतात. एकावर एक ठेवलेले पत्रे घट्ट चिकटले तर मधल्या जस्ताच्या वाफेला वाटच नाही. ती वितळलेला धातू फोडून वर येते, स्पॅटर उडतो, वेल्डमध्ये ब्लोहोल (वाफेची भोकं) राहतात. ०.१ ते ०.२ मिमी गॅप दिला की वाफ बाजूने निघून जाते. क्लॅम्प सैल पडला की मात्र गॅप वाढतो आणि सिग्नल वेगळ्याच तऱ्हेने बिघडतो. सिग्नल कुठे गेला की अलार्म वाजवायचा, ती लिमिट आम्ही सुरुवातीला चांगल्या जॉबवरूनच लावली होती, त्यामुळे मशीन दिवसभर ओरडायचं. मग मुद्दाम गॅप बिघडवून, पॉवर उतरवून जॉब केले, एकेक कापला, कुठल्या सिग्नलला आत काय निघतं ते वहीत लिहिलं आणि त्यावरून लिमिट बसवली. तुमच्यासारखा कापून बघणारा माणूस नसेल, तर हे कामच होत नाही.

तुमच्याकडे लिमिट कशावरून लावली होती? पत्रा कुठला, गॅप किती, आणि अलार्म वाजल्यावर तोच जॉब कापला होता का, एवढं कळवा.